तापता समुद्र आणि आगंतुक जीव



आजचा विषय जाहीर झाल्यापासून अनेकांनी आम्हांस विचारले, की साखर कामगार, विडी कामगार आणि हमाल यांच्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला समुद्रातील जीवांशी काय देणेघेणे? आणि आपल्या जिल्ह्याचा तरी समुद्राशी काय संबंध? महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, कळसूबाई, आपल्या अकोले तालुक्याच्या हद्दीवर उभे आहे. समुद्र मात्र आपल्या वाट्याला आलेला नाही. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आरंभीच देतो. आपला कांदा न्हावा-शेव्याहून बोटीत चढतो. ज्या वर्षी सरकार निर्यातीला मोकळीक देते त्या वर्षी साखरही बोटीनेच परदेशी जाते. आपल्या पावसाचे ढग अरबी समुद्रावरून येतात. बाजार समितीच्या आवारात पोते उचलणारा हमाल आणि मुंबईच्या ससून डॉकवर मासळीची पाटी डोक्यावर घेणारी बाई, ही एकाच साखळीची दोन टोके आहेत. एका टोकाला ओढ बसली की दुसरे हलतेच.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि संघटनेच्या कामात झाले. तेव्हा नवा शोध सांगण्याचा आव आम्ही आणणार नाही. शास्त्रज्ञांनी जे शोधून ठेवले आहे, त्याकडे कष्ट करून पोट भरणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहिले तर काय दिसते, एवढेच सांगावयाचे आहे.

समुद्रापर्यंत जाण्यापूर्वी आपल्या बांधावर थोडे थांबू. गाजरगवत आपणां सर्वांच्या ओळखीचे आहे. काँग्रेस गवत म्हणूनही आपण त्याला ओळखतो. हे मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. पुण्यात 1955 साली त्याची नोंद झाली. परदेशाहून आलेल्या धान्याबरोबर ते आले, असे सामान्यतः मानले जाते. पुढे त्याने सारा देश व्यापला. अंगाला खाज, दमा, जनावरांच्या दुधाला कडवटपणा, आणि खुरपणीची मजुरी, हे सारे त्याने दिले. पण ते कोठे माजते हे आपण नीट पाहिले आहे काय? जिथे गवत दाट आहे, जमीन झाकलेली आहे, तिथे त्याला सहजासहजी पाय ठेवता येत नाही. जिथे रस्त्यासाठी मुरूम उकरला, जिथे चराई अति झाली, जिथे रान पडीक पडले, तिथे ते कमरेएवढे वाढते. म्हणजे गवताने आपले रान जिंकले असे म्हणण्यापेक्षा, आपण आधी रान उघडे केले आणि मग गवत आले, असे म्हणणे अधिक खरे आहे.

आता बांधावरून पाण्याकडे चला. कर्जत तालुक्याच्या कडेला उजनी धरणाचा फुगवटा येतो. तिथल्या भोई बांधवांना विचारा, जाळ्यात काय येते? ते सांगतील, चिलापी. पुस्तकात हिला तिलापिया म्हणतात. आफ्रिकेतली ही मासळी 1952 साली भारतात आणली गेली, आणि आणली गेली ती चांगल्या हेतूने, स्वस्त आणि लवकर वाढणारे अन्न म्हणून. ही मासळी पिले तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा वीण करते, आणि जिथे दुसऱ्या माशांचा जीव घुसमटतो अशा घाण, कमी प्राणवायूच्या पाण्यातही तग धरते. पुणे-पिंपरीचे सांडपाणी भीमेतून उजनीत उतरते. त्या पाण्यात जुन्या जाती मागे पडल्या आणि चिलापी पुढे आली. भोयाचे जाळे भरते, पण चिलापीला रोहू-कटल्याचा भाव मिळत नाही. पाणी घाण करणारा वेगळा, आणि भाव कमी मिळणारा वेगळा.

आमचे आजचे सारे म्हणणे या दोन उदाहरणांत सामावलेले आहे. आगंतुक जीव निव्वळ स्वतःच्या बळावर जिंकत नाही; जुने रहिवासी दुबळे होतात तेव्हा तो जिंकतो. आणि त्यांना दुबळे करणारा एक असतो, किंमत मोजणारा दुसराच असतो. आता हाच न्याय समुद्राला लावून पाहू.

समुद्रात परके जीव येतात कसे? मालवाहू बोट माल उतरवून रिकामी झाली की पाण्यावर उंच तरंगते, डगमगते. तिला तोल यावा म्हणून तिच्या पोटातल्या टाक्यांत त्या बंदराचे पाणी भरून घेतात. पुढच्या बंदरात माल चढू लागला की ते पाणी बाहेर सोडतात. तात्पर्य, सुट्या मालाच्या व्यापारात जो देश माल पाठवतो तो दुसऱ्याचे पाणी घेतो. मोठ्या बोटीत असे पाणी तीस तीस हजार टनही असू शकते. आपल्याकडे उन्हाळ्यात पाथर्डी-पारनेरच्या वाड्यावस्त्यांवर पाण्याचे टँकर धावतात. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर एका बोटीच्या पोटात असे तीन हजार टँकर झाले! त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी शिंपल्यांची, खेकड्यांची, किड्यांची पिले आणि शेवाळाचे बीज असते. शिवाय बोटीच्या तळाला चिकटून येणारे जीव वेगळेच. बहुतेक वाटेत मरतात, काही नव्या बंदरात मरतात. पण एखादा जगतो.

असा एक जगलेला पाहुणा आपल्या मुंबईच्या गोदीत आहे. काळ्या पट्ट्यांचा, बोटाच्या पेराएवढा शिंपला. शास्त्रज्ञ त्याला मायटिलोप्सिस म्हणतात. हा मूळचा कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोच्या आखाताकडचा. विशाखापट्टणमच्या बंदरात 1967 साली तो आढळला, आणि पुढे 1970 च्या दशकात मुंबईच्या नौदल गोदीतही त्याची नोंद झाली. महिन्याभरात तो वयात येतो. गोडे पाणी, खारे पाणी, उष्ण पाणी, गढूळ पाणी, सारे सोसतो. दोरखंड, खांब, नळ, बोटींचे तळ यांवर तो एकावर एक असा थर चढवतो, की खालचा पृष्ठभाग दिसत नाही. आणि तो माजला कोठे? उघड्या स्वच्छ समुद्रात नव्हे. बंदरांच्या कोंडलेल्या, तेलकट, सांडपाण्याच्या पाण्यात, जिथे जुन्या शिंपल्यांनी आधीच माघार घेतली होती. म्हणजे उजनीचीच गोष्ट, केवळ खाऱ्या पाण्यातली.

हाच शिंपला 1999 साली ऑस्ट्रेलियातील डार्विन शहराच्या बोटतळांवर सापडला. तिथल्या सरकारने वेळ दवडला नाही. बोटतळ बंद केले, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतले, त्या पाण्यातले सारे जीव मारले, आणि काही आठवड्यांत शिंपल्याचा निकाल लावला. ते साधले याचे कारण दोन: शिंपला लवकर दिसला, आणि तो बोटतळाच्या दरवाज्याआड कोंडलेला होता. मोकळ्या समुद्रात एकदा तो पसरला की जगातले कोणतेही सरकार त्याला परत बोलावू शकत नाही. गाजरगवत उपटता तरी येते. समुद्राला खुरपणी नाही.

केरळच्या खाडीतही असेच घडले. दक्षिण अमेरिकेकडून आलेला मायटेला नावाचा शिंपला कोचीच्या आणि अष्टमुडीच्या खाडीत पसरल्याचे 2019 साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. तेथे हिरवे शिंपले वेचून आणि वाढवून कित्येक कुटुंबे जगत होती. नव्याने जुन्याच्या जागा व्यापल्या. वेचणाऱ्या माणसाचे श्रम तेच राहिले. पाटीतला माल मात्र बदलला.

इथवर झाली बोटीची गोष्ट. आता उष्णतेची गोष्ट, आणि ती याहून मोठी आहे.

भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने 2020 साली हवामान बदलाविषयी एक अहवाल काढला. त्यात म्हटले आहे की, 1951 ते 2015 या काळात हिंदी महासागराच्या उष्ण पट्ट्यातील पृष्ठभागाचे तापमान सरासरी सुमारे 1 अंश सेल्सिअसने वाढले. साऱ्या जगाच्या महासागरांची सरासरी वाढ 0.7 अंश होती. म्हणजे आपला समुद्र इतरांपेक्षा अधिक तापला. एक अंश म्हणजे काय मोठे, असे कोणी म्हणेल. पण माणसाच्या अंगात एक अंश वाढला तर त्याला आपण ताप म्हणतो, आणि कामावर पाठवत नाही. समुद्रातल्या जीवांना रजा नाही.

ही उष्णता आगंतुकांना तीन प्रकारे हात देते. पहिला प्रकार असा, की थंडीचा पहारा उठतो. भूमध्य समुद्राचे उदाहरण यासाठी जगभर सांगतात. 1869 साली सुएझचा कालवा खुला झाला आणि तांबड्या समुद्रातील जीवांना उत्तरेची वाट मिळाली. पण पलीकडचे पाणी हिवाळ्यात थंड, म्हणून अनेकांचा तिथे टिकाव लागत नसे. भूमध्य समुद्र तापू लागला तसा तो पहारा सैल झाला. आपल्या कोकणात ज्याला केंड म्हणतात, त्या जातीचा एक मोठा विषारी मासा 2003 पासून तिथे नोंदला गेला आणि पाहता पाहता पसरला. तो जाळी कुरतडतो, जाळ्यातली मासळी खातो, आणि त्याचे स्वतःचे मांस खाल्ले तर माणूस मरू शकतो. विषारी काट्यांचा सिंहमासाही गेल्या दहा-बारा वर्षांत सायप्रसपासून ग्रीसपर्यंत पोचला. हे दोन्ही मासे मूळचे हिंदी महासागराच्या बाजूचे, म्हणजे आपल्याच शेजारचे. तिकडच्या कोळ्यांच्या दृष्टीने आगंतुक आपल्याकडून गेले आहेत! तेव्हा आगंतुक म्हणजे नेहमी परदेशी आणि आपण नेहमी सोसणारे, असा समज कोणी करून घेऊ नये.

दुसरा प्रकार असा, की जुने रहिवासी आपल्या सोसण्याच्या काठावर येतात. उष्ण समुद्रातील पोवळी आधीच आपल्या मर्यादेजवळ जगतात. पाणी थोडे अधिक तापले की ती पांढरी पडतात, उपाशी मरू लागतात. लक्षद्वीपमध्ये 1998, 2010 आणि 2016 साली हे मोठ्या प्रमाणावर घडले. मेलेल्या पोवळ्याची जागा रिकामी पडते, आणि रिकाम्या जागेवर प्रथम कोण बसतो? ज्याला काहीही चालते तो.

तिसरा प्रकार श्वासाचा आहे. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. वरचा थर तापून हलका झाला की खालच्या जड पाण्याशी त्याची घुसळण होत नाही, आणि खाली हवा पोचत नाही. अरबी समुद्राच्या मधल्या थरांत मुळातच प्राणवायू अत्यंत कमी असलेला एक विस्तीर्ण पट्टा आहे. तो समुद्र तापावा, ही दमेकऱ्याच्या खोलीत धूर कोंडण्यासारखी गोष्ट आहे.

यातून काय होते ते पाहण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. हिवाळ्यात कधी कधी कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा चमकतात. लोक हौसेने पाहावयास जातात, चित्रे काढतात. हा प्रकाश बहुधा नॉक्टिलुका या सूक्ष्म जीवाचा असतो. हा परका नव्हे, समुद्राचा जुना रहिवासी आहे. पण 2000 सालानंतर उत्तर अरबी समुद्रात त्याचे हिरवे थर एवढे पसरू लागले, की उपग्रहातूनही दिसावेत. पूर्वी हिवाळ्यात तेथे डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पतींची बाग फुलत असे, आणि माशांपर्यंत जाणारी अन्नाची साखळी तेथून सुरू होई. जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स या, अमेरिकेत काम करणाऱ्या, गोव्याच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह या गोष्टीचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. 2014 साली त्यांनी नॉक्टिलुकाच्या वाढीचा संबंध कमी होणाऱ्या प्राणवायूशी जोडला. 2020 साली आणखी एक दुवा मांडला, तो हिमालयाचा. हिमालय आणि तिबेटच्या पठारावरून येणारा थंड, कोरडा वारा हिवाळ्यात अरबी समुद्राचा पृष्ठभाग थंड करतो. थंड पाणी खाली बसते, खालचे पोषक पाणी वर येते, आणि डायटमची शेती पिकते. बर्फ घटले तसा वारा कमी थंड, अधिक दमट झाला. समुद्राची नांगरट नीट होईना. पोषण कमी पडले तेव्हा डायटम हटले. नॉक्टिलुकाच्या पोटात हिरव्या पेशी राहतात, त्या उन्हावर अन्न करतात; शिवाय तो स्वतः दुसऱ्यांना खातो. ज्याचे दोन्हीकडून चालते तो टंचाईत टिकला. त्याला खाणारे जीव म्हणजे मुख्यतः जेलीफिश आणि तसले पाणचट प्राणी. बाजारात भाव येणारी मासळी त्याच्यावर फारशी पोसत नाही.

मंडळी, हिमालयावरचे बर्फ, अरबी समुद्राचे पाणी आणि कोळ्याच्या घरची चूल, यांच्यातले अंतर असे थोडे आहे. आणि येथे तर परका कोणी आलेलाच नाही. घरातलाच एक, घराची स्थिती बिघडल्यावर, सारे घर व्यापून बसला. म्हणूनच आम्ही म्हणतो, की जीव कोठून आला या प्रश्नाइतकाच, घर कोणी बिघडवले हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

येथे एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. परका, घुसखोर, आक्रमक हे शब्द आपल्या जिभेवर फार लवकर येतात, आणि जीवशास्त्रातून निघून माणसांवर जाऊन बसतात. आमच्या संघटनेत तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांच्या लेकीसुना आहेत; त्यांच्या हातांनी नगरचा विडीधंदा उभा राहिला. पाथर्डी-शेवगावचा ऊसतोड मजूर दर हंगामात दुसऱ्याच्या गावात पाल टाकतो. मालकाने मजुरी पाडली की जुना कामगार नव्या कामगाराकडे बोट दाखवतो, आणि मजुरी पाडणारा बाजूला राहतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. माणूस कोठूनही आला तरी तो माणूसच. त्याला तणाची उपमा देणे हे अज्ञान आहे, आणि कधी कधी लबाडी आहे. जीवांच्या बाबतीतही सरसकट न्याय नको. मिरची, बटाटा, टोमॅटो आणि विडीतला तंबाखूसुद्धा अमेरिका खंडातून आलेले. प्रश्न नवेपणाचा नाही; प्रश्न आहे तो नुकसान होते काय, आणि कोणाचे होते, हा.

तमिळनाडूत मन्नारच्या आखाताकाठी हा प्रश्न फार अवघड होऊन उभा राहिला. कप्पाफायकस नावाचे बाहेरून आणलेले समुद्री शेवाळ तेथे बांबूच्या तराफ्यांवर वाढवतात. किनाऱ्यावरच्या बायकांच्या गटांना त्यातून रोख पैसा मिळू लागला. पण कुरुसडई बेटाजवळ हे शेवाळ तराफ्यातून सुटून पोवळ्यांवर पसरल्याचे 2008 साली प्रसिद्ध झाले. आता त्या बाईला काय सांगावयाचे? शेवाळ सोड, पोवळी वाचव? तिच्या चुलीचा बंदोबस्त न करता असे सांगणे, हा शहाणपणा पोट भरलेल्यांचा आहे. आणि पोवळी मेली तर उद्या मासळी जाईल, हे तिच्यापासून लपवणे हाही अन्यायच. योग्य मार्ग एकच: बाहेरचा जीव आणण्यापूर्वी पारख करावी, आणि धोका दिसला तर ज्याने योजना आणली त्याने त्या बाईला दुसरे काम द्यावे.

येथून आम्ही आमच्या मूळ विषयावर, म्हणजे हिशेबावर येतो. जिल्ह्यातील एका कारखान्यात, नाव सांगण्याचे कारण नाही, एका यंत्राच्या पट्ट्यावर लोखंडी जाळी बसवावी अशी मागणी आमच्या संघटनेने केली होती. खर्च वाढतो, म्हणून ती लांबणीवर पडली. पुढे एका तरुण कामगाराची तीन बोटे त्या पट्ट्यात गेली. जाळी त्यानंतर बसली. जाळीचा खर्च कारखान्याने वाचवला असे हिशेबात दिसले असेल. वस्तुतः तो वाचला नव्हता, त्या पोराच्या हातावर टाकला होता. बोटीच्या पाण्याची गोष्ट तंतोतंत अशीच आहे. टाकीतले पाणी शुद्ध करून सोडण्याचा खर्च जेव्हा जहाजमालक वाचवतो, तेव्हा तो कोळ्याच्या जाळ्यावर आणि शिंपले वेचणाऱ्या बाईच्या पाटीवर पडतो. कोळसा आणि तेल जाळून जगातले धनाढ्य जो खर्च वाचवतात, तो तापलेल्या समुद्राच्या काठावर वसूल होतो.

जगाने याबाबत काहीच केले नाही असे नाही. जहाजांच्या या तोलपाण्याविषयी आंतरराष्ट्रीय करार 2004 साली झाला आणि 8 सप्टेंबर 2017 रोजी अमलात आला. किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रात पाणी बदलावे, कारण किनाऱ्याचे जीव तेथे जगत नाहीत. आणि पुढे बोटीवर यंत्र बसवून पाणी शुद्ध करूनच सोडावे, असे त्यात ठरले. त्याआधी 2000 सालापासून संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने सहा देशांतील सहा बंदरांत या कामाचा पहिला प्रयोग झाला, त्यांत मुंबई होते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मुंबई बंदरातील जीवांची पाहणी केली. म्हणजे ज्ञान आपल्याकडे आहे, नियम जगाकडे आहे. पण कोणताही नियम स्वतःच्या पायांनी चालत नाही. त्याला तपासनीस लागतो, आणि तपासनीसावर लोकांची नजर लागते. कारखाने कायद्याचा हा धडा आम्ही पुरता शिकलो आहोत.

पण नियम पाळूनही जे नुकसान होईल, किंवा झालेच आहे, त्याचे काय? लोक म्हणतात, कोणत्या बोटीने कोणता शिंपला आणला हे सिद्ध कसे करणार? मित्रहो, हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी कामगाराला विचारत असत: अपघात मालकाच्या चुकीने झाला हे सिद्ध कर. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने तो प्रश्न बऱ्याच अंशी मोडीत काढला. काम करताना इजा झाली ना? मग चूक कोणाची हे न पाहता भरपाई द्या, कारण धंद्याचा नफा ज्याचा, धंद्याचा धोकाही त्याचा. आणि 1969 साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला तेव्हा आणखी एक पाऊल पडले. हमालाला कायमचा एक मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. कोणता मालक जबाबदार? कायद्याने सांगितले, सारेच. प्रत्येकाने मजुरीवर ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरावी, आणि त्यातून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी चालावे.

आमची सूचना एवढीच आहे, की समुद्राला हाच न्याय लावावा. बंदरात येणाऱ्या प्रत्येक बोटीकडून टनामागे थोडी लेव्ही घ्यावी. कोणत्या बोटीने शिंपला आणला हे शोधत बसू नये. त्या पैशातून बंदराच्या पाण्याची नियमित तपासणी व्हावी, आणि आगंतुकांमुळे ज्यांचे जाळे, शिंपले वा बोट यांचे नुकसान झाले त्या कोळ्यांना भरपाई मिळावी. परदेशात याची झलक दिसते. सायप्रसचे सरकार त्या विषारी माशाच्या वजनावर कोळ्यांना पैसे देते. तुर्कस्ताननेही 2020 पासून असे पैसे देण्यास सुरुवात केली. पण तेथे पैसा सरकारी तिजोरीतून येतो. तो धंद्याच्या नफ्यातून यावा, असे आमचे म्हणणे आहे.

समोर बसलेल्या शेतकरी बांधवांच्या मनात शंका आली असेल, की ही लेव्ही शेवटी आमच्याच कांद्यावर बसणार. शंका खोटी नाही. व्यापारी आपला प्रत्येक खर्च खाली ढकलण्यास टपलेला असतो. म्हणूनच लेव्ही जहाजाच्या मालकावर असावी आणि तिचा हिशेब उघडा असावा, हा आग्रह हवा. आणि दुसरे असे, की गाजरगवताची लेव्ही आपण गेली साठ-सत्तर वर्षे भरतोच आहोत. दर हंगामाला, खुरपणीच्या मजुरीत. फक्त तिची पावती मिळत नाही.

आता नगरच्या माणसाने काय करावे? आपल्या जिल्ह्याला समुद्र नसला तरी पाणी आहे. मुळा, भंडारदरा, नाथसागर आहे. हौसेच्या काचपेटीतला मासा कंटाळा आला म्हणून तलावात सोडू नये. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सिंहमासा बहुधा असाच शिरला, आणि आज तो कॅरिबियन बेटांपर्यंत सर्वत्र आहे. सरकारने 2000 साली बंदी घातलेल्या आफ्रिकी मांगूर माशाचे तळे कोणी गुपचूप चालवत असेल, तर ते वेळीच निदर्शनास आणावे. आणि नदीत सांडपाणी सोडणारा कारखाना असो वा नगरपालिका, तिला जाब विचारावा. तो कारखाना सहकारी असला आणि त्यात आपले भागभांडवल असले, तरी विचारावा. कामगार संघटनांनीही पगारवाढीच्या मागणीपत्रकात एक कलम सांडपाण्याचे घालावे.

किनाऱ्यावरच्या लोकांसाठी आमचा एक आग्रह आहे. समुद्रात काय नवे आले हे सर्वांत आधी कोळ्याला कळते. जाळ्यात अनोळखी मासा आला, खडकावर वेगळा शिंपला दिसला, की त्याला कळते. प्रयोगशाळेला पुष्कळ नंतर. डार्विनचा धडा हाच, की लवकर दिसले तर उपाय आहे. पण कोळ्याला विचारतो कोण? मच्छीमार सोसायट्यांत एक वही ठेवावी, तीत नोंद व्हावी, आणि ती नोंद मत्स्यखात्याने व शास्त्रज्ञांनी मानाने वाचावी. कामाच्या जागेवरचे ज्ञान कामगाराकडे असते, हे कारखान्यात आम्ही मान्य करून घेतले. समुद्रातही ते मान्य व्हावे.

कोळ्याचे कामाचे दिवस आधीच घटत आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2021 साली दाखवून दिले, की 1982 ते 2000 या काळाच्या तुलनेत 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रावरील चक्रीवादळांची संख्या सुमारे 52 टक्क्यांनी वाढली. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, आणि त्याच्या वाऱ्यापावसाची झळ सह्याद्री ओलांडून आपल्या अकोल्यापर्यंतही आली. वादळाने बोट बांधून ठेवावी लागते, आणि वादळ सरल्यावर जाळ्यात जेलीफिश येतात, अशा माणसाला संयमाचा उपदेश करण्याचा अधिकार आपणांस नाही.

समुद्र तापणे उद्या थांबेल असे नाही. कोळसा-तेलाचा कारभार बदलण्यास काळ लागेल, आणि तोवर आगंतुक येतच राहतील. पण पाणी स्वच्छ ठेवणे आपल्या हाती आहे, बंदराच्या दारावर पहारा ठेवणे सरकारच्या हाती आहे, आणि खर्च कोणाच्या नावे लिहावयाचा हे ठरवणे लोकमताच्या हाती आहे. संघटना नसलेल्या माणसाच्या नावावर दुसऱ्याचा खर्च सहज लिहिला जातो. शिंपल्यांना आणि पोवळ्यांना संघटना करता येत नाही. कोळी, भोई, हमाल आणि शेतकरी यांना करता येते. ती त्यांनी एकमेकांचा हात धरून करावी, एवढी विनंती करतो.